इन्यो काउंटी तीन दिवसांत: आधी उंची ठरवा, मग तारीख

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही लॉस एंजेलिसजवळ राहता, आई-बाबा (वय ६८ आणि ७२) मेमध्ये भारतातून येत आहेत आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुम्हाला तीन दिवसांची सुट्टी आहे. डेथ व्हॅली, माउंट व्हिटनी आणि ती हजारो वर्षांची झाडं कॅलिफोर्नियातल्या एकाच काउंटीत, इन्योत, आहेत असं कळलं, तर तिन्ही एका फेरीत होतील का? शिवाय ‘मधली गावं अगदीच छोटी दिसतात, तिथे थांबण्यासारखं काही आहे का, की सरळ गाडी दामटावी?’

मी पाणीपुरवठ्याच्या कामातली स्थापत्य अभियंता आहे आणि २००४ पासून या रस्त्यावर येते-जाते आहे. कधी कामासाठी, पण जास्त वेळा ओळखीच्यांच्या आई-वडिलांना घेऊन. त्या अनुभवावरून सांगते. अंतराकडे पाहिलं तर तिन्ही ठिकाणं तीन दिवसांत बसतात. अडचण उंचीची आहे. ‘एकाच काउंटीत’ हे शब्द इथे फसवतात.

इन्यो काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे २६,५०० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, त्याच्या दीडपट. आणि २०२० च्या जनगणनेत एवढ्या मुलखात माणसं होती १९,०१६. नगरपालिका असलेलं गाव एकच, बिशप, तिथे चार हजारांच्या आत वस्ती. पण खरा आकडा उभा मोजायचा. माउंट व्हिटनीचा माथा ४,४२१ मीटरवर आहे, अलास्का आणि हवाई सोडले तर अमेरिकेतला सर्वांत उंच. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल. दोन्हींमधलं सरळ रेषेतलं अंतर जेमतेम १३५ किलोमीटर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते हा ढोबळ हिशोब धरला, तर एकाच दुपारी या दोन टोकांत तीसेक अंशांचा फरक पडतो. म्हणजे ‘जूनमध्ये इन्योला हवा कशी असते’ याला एक उत्तर नाही. कुठल्या उंचीवर, हे आधी सांगावं लागतं.

हवा अशी का, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन समजतं. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर भिजून जातं आणि पलीकडे माणदेश कोरडा राहतो, तेच इथे कितीतरी मोठ्या प्रमाणात होतं. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेवाडा या डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात. पूर्वेला ओवेन्स खोऱ्यात, बिशपला, वर्षभरात १२-१३ सेंटीमीटर पाऊस. त्यापुढे आणखी डोंगररांगा, आणि त्या सगळ्या ओलांडून हवा डेथ व्हॅलीत उतरते तेव्हा तिच्यात काहीच उरलेलं नसतं. तिथली सरासरी वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर. वर दरीची ठेवण अशी, की तापलेली हवा वर चढते, दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींत अडकते, पुन्हा खाली येते आणि खाली येताना दाबली जाऊन आणखी तापते. दरीतल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली, ती आजही जगातली अधिकृत सर्वोच्च नोंद मानली जाते. जूनमध्ये तिथलं सरासरी कमाल तापमान ४३ अंशांच्या आसपास असतं, जुलैत ४७. विदर्भातली माणसं म्हणतात, ‘४५ आम्ही पाहिलंय.’ खरं आहे. पण तिथे सावली असते, घर असतं, शेजारी असतात. इथे गाडी बंद पडली तर बहुतेक रस्त्यांवर मोबाइलला रेंज नाही, आणि फारच तापलं की बचावाचं हेलिकॉप्टरही उडू शकत नाही.

या दरीत राहिलेल्या माणसांनी उन्हाळ्याचं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. टिंबिशा शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या हिवाळा खाली दरीत काढायचे आणि उन्हाळ्यात वर डोंगरात जायचे. १८८३ मध्ये हार्मनी बोरॅक्स वर्क्स सुरू झालं, म्हणजे टाकणखाराचा कारखाना. मिठागरासारख्या जमिनीवरून टाकणखार खरवडून गोळा करण्याचं काम मुख्यतः चिनी मजूर करत. वीस जनावरांच्या जुंपणीच्या प्रचंड गाड्या तो माल २६५ किलोमीटर दूर मोहावीच्या रेल्वेपर्यंत नेत. एका खेपेला दहा दिवस लागत. भर उन्हाळ्यात मात्र हे काम इथे बंद ठेवावं लागे, कारण पाणी इतकं तापलेलं असायचं की टाकणखाराचे स्फटिकच धरत नसत. मग कारखानदार काम जरा उंचावरच्या अमरगोसाला हलवत. शोशोनींनाही उन्हाळ्यात खाली राहणं परवडलं नाही आणि नफ्यासाठी आलेल्यांनाही नाही. त्यामुळे सत्तरीच्या आई-बाबांना जूनअखेर तिथे नेऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते. पहाटे पाचला झाब्रिस्की पॉइंट पाहून आठच्या आत बाहेर पडणारे लोक आहेत, मी स्वतःही तसं केलं आहे; पण ते धडधाकट माणसांसाठी, दोन गाड्या सोबत असताना.

डेथ व्हॅली रद्द करा असं मी म्हणत नाही, ती पुढे ढकला. आई-बाबा सहा महिने राहणार असतील तर नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा त्यांच्या परतीच्या आधी हाती लागू शकतो. तेव्हा दुपारी पंचविशीच्या आसपास हवा असते. दांतेज व्ह्यूवरून, १,६६९ मीटर उंचीवरून, खाली पांढरं बॅडवॉटर आणि समोर पॅनामिंट रांग दिसते. गाडी जवळजवळ कड्यापर्यंत जाते, चालावं लागत नाही. ज्येष्ठांसाठी संपूर्ण उद्यानात मला तीच जागा सर्वांत आवडते. मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या संध्याकाळी पाहा. निघण्याआधी रस्त्यांची स्थिती मात्र तपासा. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने एका दिवसात वर्षभराचा पाऊस पाडला, रस्ते वाहून गेले आणि बॅडवॉटरला काही महिने चक्क तळं साचलं होतं. इथल्या कोरड्या, दगडी जमिनीत पाणी मुरत नाही, ते धावतं.

आता दुसरं टोक. खाली नाही तर थेट वर जाऊ, असंही करू नका. एका वर्षी मी सासऱ्यांना मार्चमध्ये सकाळी फर्नेस क्रीकहून निघून त्याच दुपारी व्हिटनी पोर्टलकडे नेलं होतं. पोर्टल म्हणजे व्हिटनीची चढाई सुरू होते ती जागा, साधारण २,५५० मीटरवर; वरचा रस्ता बर्फाने बंद होता म्हणून आम्ही अर्ध्यातूनच परतलो, आणि ते बरं झालं. तेवढ्यातच त्यांचं डोकं गरगरू लागलं होतं, मळमळत होतं. खाली लोन पाइनला आल्यावर तासाभरात उतार पडला. चूक माझी होती. नकाशावर मी फक्त किलोमीटर मोजले होते. तेव्हापासून माझा नियम ठरला: पहिली रात्र अकराशे ते तेराशे मीटरवर, बिशप किंवा लोन पाइनला, आणि तीन हजार मीटरवर जायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे मी इथून ठरवू शकत नाही.

मधल्या गावांचं विचारलंत. माझ्या मते फेरीचा गाभा तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तीनशे पंच्याण्णव क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला जाताना खोरं रिकामं दिसतं. मैलोन्‌मैल झुडपं, एखादी गाय. लोक म्हणतात, वाळवंटच आहे, दुसरं काय दिसणार. पण हे रिकामपण निसर्गाने केलेलं नाही. गोरे लोक येण्याच्या कितीतरी आधी इथले पायूट लोक सिएरातून येणाऱ्या ओढ्यांवर बांध घालून, पाट काढून रानातल्या कंदांना पाणी देत होते. आजच्या बिशपजवळ हे पाट मैल-मैल लांबीचे होते. १८६० च्या दशकात गुरं घेऊन वसाहतवाले आले, गुरांनी ती रानं फस्त केली, उपासमार आणि लढाया झाल्या. जुलै १८६३ मध्ये सैन्याने सुमारे नऊशे पायूटांना पायी चालवत दक्षिणेला फोर्ट टेहोनकडे नेलं. त्यातले बरेच जण पुढे परत आले. बिशप, बिग पाइन, फोर्ट इंडिपेंडन्स, लोन पाइन इथे आजही त्यांच्या वस्त्या आहेत. काउंटी स्थापन झाली १८६६ मध्ये आणि मुख्यालय इंडिपेंडन्स. तिथल्या ईस्टर्न कॅलिफोर्निया म्युझियममध्ये पायूट-शोशोनी बायकांनी विणलेल्या टोपल्या आहेत. तुमच्या आईंना विणकामाची आवड असेल तर तिथे एक तास राखून ठेवा.

मग पाणी गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाढत्या लॉस एंजेलिसला पाणी हवं होतं. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी खोऱ्यात जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेतले. का घेतले जात आहेत हे विकणाऱ्या बऱ्याच शेतकऱ्यांना ठाऊक नव्हतं. विल्यम मलहॉलंड यांनी जलवाहिनी बांधली. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी ती सुरू झाली तेव्हा शहराला उद्देशून त्यांनी एवढंच म्हटलं, ‘हे घ्या पाणी.’ अभियंता म्हणून मला त्या कामाचं आजही आश्चर्य वाटतं. ३७५ किलोमीटर लांबी, वाटेत डोंगर, दऱ्या, वाळवंट, आणि पाणी शहरापर्यंत पोचतं ते एकही पंप न लावता, केवळ उताराच्या बळावर. आणि त्याच कामाची किंमत ओवेन्स तळ्याने दिली. १८७२ मध्ये ज्या तळ्यात सेरो गोर्डोच्या खाणीतली चांदी वाहून न्यायला आगबोट सोडली होती, ते १९२० च्या दशकाच्या मध्यावर कोरडं पडलं. त्याच्या तळाची खारी धूळ पुढे कित्येक दशकं लोकांच्या फुफ्फुसात जात राहिली. न्यायालयीन लढ्यांनंतर शहराला या तळावर पाणी, खडी, गवत पसरून धूळ रोखावी लागते आहे, आणि जिथे उथळ पाणी सोडलं तिथे पक्षी परतले आहेत.

शेतकरी गप्प बसले नव्हते. मे १९२४ मध्ये जलवाहिनीवर सुरुंग लावला गेला. नोव्हेंबरमध्ये लोन पाइनजवळच्या अलाबामा गेट्सवर माणसांनी ताबा मिळवला, दरवाजे उघडले आणि चार दिवस पाणी परत नदीत सोडलं. आसपासची कुटुंबं डबे घेऊन तिथे जमली होती. हे सगळं मी त्या दरवाज्यांपाशी उभी राहून सासऱ्यांना सांगत होते. त्यांचं आजोळ मुळशी खोऱ्यातलं. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘आमच्याकडे पण तीच वर्षं होती.’ सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्याच सुमारास चालला होता. तिथे धरणाने गावं बुडवली, इथे पाणी काढून घेऊन खोरं वाळवलं, पण एका शहरासाठी दुसऱ्या कुणाची जमीन जाते म्हणजे काय, हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही. आजही इन्योत सुमारे अडीच लाख एकर जमीन लॉस एंजेलिस शहराच्या मालकीची आहे. उरलेली बहुतेक केंद्र सरकारची, खाजगी दोन टक्क्यांच्याही आत. गावं छोटी राहिली ती यामुळे. त्या शहराच्या परिसरातल्या ज्या नळांतून आपण पाणी पितो, त्यातल्या कितीतरी नळांना हे पाणी येतं, म्हणून मला वाटतं की तिथे राहणाऱ्याने इथे एकदा तरी थांबावं.

मन्झनार कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. नावाचा स्पॅनिशमध्ये अर्थ सफरचंदांची बाग, आणि १९१० च्या सुमारास तिथे खरंच बागा होत्या. पाणी गेल्यावर त्या उजाड झाल्या. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध सुरू झाल्यावर, अमेरिकेच्या सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचलून अशा दहा छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे जन्माने नागरिक होते. मन्झनारला एका वेळी दहा हजारांवर माणसं होती, तेव्हाच्या अख्ख्या इन्यो काउंटीच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. नोव्हेंबर १९४५ मध्ये छावणी बंद झाली. तुम्ही पाहाल ती पुन्हा उभारलेली लाकडी बराकी, फटींतून धूळ आत येते तशीच, आणि माणसांनी त्या तारांच्या कुंपणात स्वतःच्या हाताने केलेल्या बागांचे दगड. मागे कब्रस्तानात पांढरा स्तंभ आहे, त्याच्या मागे सिएराची भिंत. इथे दीड तास लागतो. मुलं सोबत असतील तर त्यांनाही न्या. परदेशातून येऊन इथे घर केलेल्या आपल्यासारख्यांच्या मुलांना ही गोष्ट माहीत असायला हवी, असं मी मनापासून म्हणते.

लोन पाइनच्या उत्तरेला रस्त्यालगत २६ मार्च १८७२ च्या भूकंपात मेलेल्यांची एकत्र कबर आहे. मातीच्या विटांची घरं पहाटे अडीचच्या सुमारास झोपलेल्यांवर कोसळली, २७ माणसं गेली. गावाच्या दक्षिणेचं डियाझ तळं त्याच भूकंपात जमीन खचून झालं. पाच मिनिटं थांबलात तरी पुरे.

तर जूनच्या तीन दिवसांसाठी मी असं करेन. पहिल्या दिवशी पहाटे निघून दुपारपर्यंत लोन पाइन. गावाच्या दक्षिणेला फाट्यावर माहिती केंद्र आहे, रस्ते उघडे-बंद तिथे कळतात. मग मन्झनार, इंडिपेंडन्सचं संग्रहालय, मुक्काम बिशप. दुसऱ्या दिवशी सकाळी बिग पाइनवरून वळून शुलमन ग्रोव्ह, म्हणजे ती हजारो वर्षांची झाडं, साधारण ३,०५० मीटर. परतल्यावर दुपारची झोप, आणि संध्याकाळी जमलं तर लॉजचं रेल्वे संग्रहालय, १९६० पर्यंत चाललेल्या नॅरोगेजचं ठाणं. वेळा मात्र आधी विचारा. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी अलाबामा हिल्स आणि पुढे व्हिटनी पोर्टल, पाइनच्या सावलीत नाश्ता करून घरी. व्हिटनीचा माथा लोन पाइनमधूनही दिसतो. चढाईला सोडतीतून परवाना लागतो, तो तुमचा विषय नाही. अलाबामा हिल्सचे गोल खडक हॉलिवूडने शेकडो वेळा वापरले आहेत. १९३० च्या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानची वायव्य सरहद्दसुद्धा इथेच उभी केली होती, हे बाबांना सांगा, ते त्या खडकांकडे निराळ्या नजरेने पाहतील.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. गुडघे दुखत असतील तर तिसरा दिवस फक्त गाडीतून करा. शाकाहारी असाल तर छोट्या गावांत पर्याय थोडे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी बरोबर घ्या आणि खोलीत मायक्रोवेव्ह आहे ना, ते विचारून घ्या. बिशपला किराणा चांगला मिळतो. प्रत्येकी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत ठेवा, शुलमन ग्रोव्हला नळ नाही. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. आणि तुम्ही बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने, कुणाला येऊन मिळायला सांगणार असाल तर लक्षात घ्या की सिएरा ओलांडून इन्योत थेट उतरणारा एकही महामार्ग नाही. टायोगा खिंडीतून शेजारच्या मोनो काउंटीत येता येतं, पण ती काही वर्षी जूनअखेरपर्यंतही बर्फाने बंद असते.

शुलमन ग्रोव्हविषयी शेवटचं. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये इथे ४,८०० वर्षांहून जुनं झाड शोधलं. ते नेमकं कुठलं, हे वनखातं सांगत नाही, आणि योग्यच करतं. ही झाडं ब्रिसलकोन पाइन जातीची. चुनखडीसारख्या पांढऱ्या, नापीक डोलोमाइट जमिनीत, थंडीवाऱ्यात ती इतकी हळू वाढतात की लाकूड घट्ट आणि राळेने भरलेलं होतं, कीड आणि बुरशी आत शिरत नाही. सुखात वाढलेली ब्रिसलकोन झाडं लवकर मरतात. यांच्या वर्तुळांवरूनच शास्त्रज्ञांना रेडिओकार्बन पद्धतीने काढलेली वयं दुरुस्त करता आली. मेथुसेला पायवाट सहा-सात किलोमीटरची आहे, ती सोडा. डिस्कव्हरी पायवाट दीड किलोमीटरची. तीही पूर्ण करायची गरज नाही. सुरुवातीच्या वळणावरच जुनी झाडं आहेत आणि बसायला बाक आहेत. आई-बाबांना तिथे बसवा, पाण्याची बाटली हातात द्या, स्वेटर घालायला लावा, आणि तुम्ही मुलांना घेऊन पुढे जाऊन या. अर्ध्या-पाऊण तासाने खाली उतरायला लागा.